फेरारी: इटलीतल्या लोहाराचं आडनाव, आणि आपल्याकडचे लोहार-कम्मार

फेरारी हे मोटारीचं नाव फार अलीकडचं. त्याआधी कित्येक शतकं ते उत्तर इटलीत गावोगाव आढळणारं साधं आडनाव आहे, आणि त्याचा अर्थ लोहार. लॅटिनमध्ये लोखंडाला फेरुम म्हणतात, लोखंडाचं काम करणारा तो फेरारियुस, त्यावरून फेरारी. इटलीत सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत रोसी आणि रूसो यांच्यानंतर फेरारीचा नंबर लागतो. रोसी आणि रूसो ही दोन्ही तांबड्या केसांवरून किंवा तांबूस वर्णावरून पडलेली नावं. तेव्हा धंद्यावरून आलेल्या आडनावांत फेरारी सगळ्यांत पुढे.

आता, इटलीत शेतकरी लोहारांच्या कित्येक पट होते. मग शेतकरी या अर्थाचं आडनाव पहिलं का नाही? कारण आडनाव पडतं ते माणूस ओळखू यावा म्हणून. दोनशे घरांच्या गावात एकशे ऐंशी घरं शेती करत असतील, तर ‘शेतकऱ्याचा जोवान्नी’ म्हणून कोण कळणार? ‘लोहाराचा जोवान्नी’ म्हटलं की घर नक्की झालं. लोहार प्रत्येक गावाला लागायचाच, पण गावात एक, फार तर दोन. गावागावांत एकेक, म्हणून देशभर मिळून हजारो. हे गणित बेळगाव-खानापूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या बलुत्यात लोहार असाच गावाला एक असायचा: फाळाला पाणी द्यायचं, विळे-कोयते करायचे, गाडीच्या चाकाला धाव चढवायची, आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. कानडी मुलखात याच पद्धतीला आय म्हणतात आणि तो हक्क असलेल्याला आयगार.

यावरून एक गोष्ट लगेच निघते, आणि ती न कळल्यामुळे पुष्कळ लोक फसतात. सगळे फेरारी एका कुळाचे नाहीत. हे आडनाव शेकडो गावांत वेगवेगळं, एकमेकांचा पत्ता नसताना जन्मलं. दोन फेरारी भेटले तर त्यांचं नातं निघण्याची शक्यता साधारण निपाणीचा लोहार आणि जांबोटीचा लोहार यांच्याइतकीच.

फेरारीचा खरा रस मात्र त्याच्या रूपांत आहे. इटली देश म्हणून एक झाला १८६१ साली. तोवर प्रत्येक भागाची बोली आपली आपली होती, आणि आडनावं त्या बोलींत गोठली. मिलान आणि वारेसेच्या बाजूला फेरारियो. वायव्येच्या पिएमोंतेत फेरेरो आणि फेरारिस. दक्षिणेकडे कालाब्रिया, कांपानिया आणि सिसिलीत फेरारो, सिसिलीत फेरेरीही. सार्दिनिया बेटावर लोहाराला फ्राउ म्हणतात, तेच तिथलं आडनाव. व्हेनिसच्या मुलखात फावारो आणि फावेरो, आणखी ईशान्येला फ्रिउलीत फाब्रिस. ही शेवटची मंडळी फेरुमवरून आलेली नाहीत. लॅटिनमध्ये कारागिराला, विशेषतः लोहाराला, फाबेर असाही एक शब्द होता, त्याची ती पोरं. आजच्या प्रमाण इटालियनमध्ये लोहार म्हणजे फाब्रो, म्हणजे शब्द म्हणून फाबेरची बाजू जिंकली. फेरारी शब्द बोलण्यातून गेला आणि आडनावात राहिला.

या दोन शब्दांची हद्द नकाशावर पाहायची असेल तर रोमनांनी इसवी सनापूर्वी १८७ मध्ये बांधलेला एमिलिया रस्ता धरावा. पिआचेंझा ते रिमिनी, जवळजवळ सरळ रेषेत जातो. पिआचेंझा, पार्मा, रेज्जो, मोदेना या टप्प्यात फेरारी दाट आहेत. पो नदीच्या पलीकडे क्रेमोना आणि मांतुआतही तसेच. बोलोन्या ओलांडून रोमान्याकडे सरकलात की फाब्री वाढत जातात. प्रांत एक, रस्ता एक, धंदा एक, आणि आडनाव बदललेलं.

आपल्याकडे असाच अनुभव बेळगावातून पूर्वेला निघालं की येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लोहार. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गच्या बाजूला कम्मार. सुताराचा बडिगेर होतो, सोनाराचा पत्तार. कुंभार मात्र दोन्हीकडे कुंभारच. पाटील, देसाई, कुलकर्णी ही तर वतनाची नावं, त्यांच्यावरून घरात कोणती भाषा बोलतात ते सांगताच येत नाही. कित्तूरचे देसाई आठवा. म्हणून सीमाभागात आडनावांवरून भाषेची मोजदाद करायची असेल तर वतनाची नावं बाजूला ठेवून बलुत्याची नावं घ्यावीत, ती जास्त खरं बोलतात. तीही शंभर टक्के नाही, कारण कामासाठी मुलूख बदललेली घरं दोन्हीकडे आहेत.

हद्दीवरच्या आडनावांना सरकार हात घालतं तेव्हा काय होतं, त्याचाही धडा इटलीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून जर्मन बोलणारा दक्षिण तिरोल आणि स्लोव्हेन-क्रोएट वस्तीचा त्रिएस्तेकडचा मुलूख इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या राजवटीत १९२६ साली आडनावं इटालियन ‘मूळ रूपात परत’ आणण्याचा हुकूम निघाला, आणि १९२७ मध्ये तो त्रिएस्तेच्या बाजूलाही लागू झाला. वोदोपिवेत्स या स्लोव्हेन आडनावाचा अर्थ पाणी पिणारा. त्याचं बेविलाक्वा झालं, अर्थ तोच. त्यामुळे त्या भागातलं एखादं घराणं शोधताना १९२६ च्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी आडनावं धरून चालावं लागतं. नोंदवहीत घराणं ‘अचानक संपलं’ असं वाटलं तर आधी हे तपासायचं. दक्षिण तिरोलमध्ये लोहाराचं श्मिड हे आडनाव आजही भरपूर आहे.

दिसायला सारखी पण नात्यात नसलेली नावं वेगळी काढणं गरजेचं आहे. फेरांते हे लोखंडावरून आलेलं वाटतं, पण तो फर्नांदोचा दक्षिण इटलीतला अवतार. नेपल्सवर १४५८ ते १४९४ राज्य करणारा आरागॉन घराण्याचा राजा याच नावाचा. बेळगावच्या कॅम्पात आणि खानापूर तालुक्यात गोव्याकडून आलेली फर्नांडिस मंडळी आहेत. ‘इटलीत फेरारी तसे आमच्यात फर्नांडिस’ असं गमतीने म्हटलेलं कानावर येतं, पण फर्नांडिस पोर्तुगीज, म्हणजे फर्नांदोचा मुलगा. त्यात लोखंड कुठेच नाही. फेरेरा मात्र लोखंडाचंच, फक्त माणसावरून नव्हे तर जागेवरून: लोखंडाची खाण किंवा भट्टी असलेलं ठिकाण. फेरारा हे आणखी निराळं. ते शहराचं नाव आहे आणि आडनावही. सिसिली, कांपानियात भेटणारे सगळे फेरारा त्या शहरातून आले असं मानायचं कारण नाही. तिकडच्या बोलीतल्या लोहारावरून किंवा भट्टीवरूनही ते नाव पडू शकतं.

गावावरून पडलेल्या आडनावांचा एक साधा नियम आहे. नाव गावाचं असलं तरी ते गावाबाहेर पडतं. येळ्ळूरात राहणाऱ्याला येळ्ळूरकर कशाला म्हणायचं, तिथे सगळेच येळ्ळूरचे. तो शहापुरात येऊन राहिला की लोक म्हणू लागतात. इटलीत लोंबार्दो म्हणजे उत्तरेकडच्या लोंबार्दीचा माणूस, आणि हे आडनाव सिसिलीत भरपूर. जेनोवेझे दक्षिणेत सापडतात. आपण ‘कर’ लावतो. कानडीत पुष्कळदा नुसतं गावच पुरतं: मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल. मठावरूनही पडतं. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं आडनाव कोमकलीमठ होतं.

फेरारीच्या शेवटी ‘ई’ का? इटालियनमध्ये हे अनेकवचन आहे, ‘लोहार मंडळी’ या अर्थाचं. मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत ‘दे फेरारीस’ अशी नोंद होते, म्हणजे लोहारांपैकी एक. पिएमोंतेतल्या फेरारिसचा शेवटचा ‘स’ याच लॅटिन लिहिण्यातून राहिला. उत्तर इटलीत ‘ई’ने संपणारी आडनावं जास्त, दक्षिणेत ‘ओ’ची बरीच. त्यामुळे फेरारी आणि फेरारो यांतला एका स्वराचा फरक लिहिण्याची चूक समजून खोडू नका, तो मुलूख सांगतो. कारकुनाने खरोखरच चुकवलेली रूपंही असतात. ती ओळखायची खूण म्हणजे एकाच घराच्या नोंदीत दोन्ही रूपं आलटूनपालटून येतात.

या फेरारिस आडनावाचा एक माणूस आपल्या घराघरांत पोचलेला आहे. गालिलेओ फेरारिस, जन्म १८४७, मृत्यू १८९७. फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करता येतं हे त्याने १८८५ मध्ये दाखवलं. विहिरीवरचा थ्री-फेज पंप, पिठाच्या गिरणीची मोटर, उद्यमबागेतल्या कारखान्यांतली यंत्रं, सगळी याच तत्त्वावर चालतात. चकती गरगर फिरणारं जुनं विजेचं मीटर युरोपात फेरारिस मीटर म्हणूनच ओळखतात. त्याचं जन्मगाव लिव्होर्नो वेर्चेलेझे आता त्याच्या आडनावावरून लिव्होर्नो फेरारिस झालं आहे. आणि सोनेरी कागदातली चॉकलेटं विकणारी फेरेरो कंपनी १९४६ साली पिएमोंतेतल्या आल्बा गावी सुरू झाली. तेही आडनावाने लोहारच.

प्रसार मोजायचा कसा, इकडे वळू. इंटरनेटवर आडनावांचे रंगीत नकाशे फुकट मिळतात. त्यांतले बरेचसे टेलिफोनच्या जुन्या याद्यांवर बेतलेले असतात. यादीत एका घराला एक ओळ, म्हणून तो आकडा माणसांचा नव्हे, घरांचा. घरात फोन बायकोच्या किंवा सुनेच्या नावावर असेल तर आडनाव गळतं, आणि लँडलाइन काढून टाकलेली घरं तर दिसतच नाहीत. दुसरा घोळ याहून मोठा. नकाशा एकूण संख्या दाखवतो की दर दहा हजारांमागचं प्रमाण, ते आधी बघायला हवं. एकूण संख्येत मिलान नेहमी वर येणार, कारण तिथे माणसंच जास्त आणि विसाव्या शतकात देशभरातून कामाला आलेली. आडनाव कुठे जन्मलं त्याचा सुगावा प्रमाणाच्या नकाशातून लागतो, तोही मोठी शहरं वगळून, लहान कोमूने पाहून. कोमूने म्हणजे तिथली गाव-नगरपालिका, देशात अशा सुमारे ७,९०० आहेत. आपल्याकडेही बेळगाव शहराच्या मतदारयादीत लोहार जास्त दिसले म्हणून मूळ शहरात आहे असं कोणी म्हणू नये.

एखाद्या विशिष्ट फेरारी घराण्याचा माग काढायचा असेल तर कोमूनेचं नाव हातात नसताना सुरुवातच करू नका. नुसता प्रांत कळून भागत नाही, कारण नोंदी कोमूनेवार आहेत. नाव कळलं की दोन दप्तरं उघडतात. पहिलं सरकारी जन्म-विवाह-मृत्यूचं. संपूर्ण देशासाठी ते १८६६ पासून, व्हेनिसकडे १८७१ पासून. नेपोलियनच्या काळात काही भागांत ते आधीच सुरू झालं होतं, नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून. सिसिलीत नेपोलियननंतर, १८२० पासून. यातल्या फार मोठ्या भागाची छायाचित्रं इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर पैसे न देता पाहता येतात. अंतेनाती म्हणजे पूर्वज. दुसरं दप्तर चर्चचं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पाद्र्याला बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवणं सक्तीचं केलं. पिढ्यान्‌पिढ्या एकच आडनाव चालण्याची शिस्त या वह्यांनी पक्की केली. काही चर्चांत वह्या त्याआधीच्याही आहेत, काहींत आग, भूकंप नाहीतर वाळवीने पुढच्याही गेल्या.

वाचताना ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. तारखेत ७ लिहून पुढे ‘ब्रे’ असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. सेत्ते म्हणजे सात, म्हणून सेत्तेंब्रेचं ते आखूड रूप. तसंच ८ ला ऑक्टोबर, ९ ला नोव्हेंबर, आणि रोमन दहाच्या आकड्यापुढे ‘ब्रे’ म्हणजे डिसेंबर. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे मूल लग्नाआधी जन्मल्याचे भलते निष्कर्ष काढलेले दिसतात. दुसरं, ‘पिएत्रो दी जोवान्नी’ आणि ‘पिएत्रो फू जोवान्नी’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्हीत बाप जोवान्नीच, पण ‘दी’ असेल तर बाप नोंदीच्या दिवशी हयात, ‘फू’ असेल तर वारलेला. एवढ्या दोन अक्षरांवरून बापाच्या मृत्यूची नोंद कोणत्या दोन सालांच्या मध्ये शोधायची ते ठरतं, आणि कामाचे कित्येक तास वाचतात. तिसरं, आडनाव आणि धंदा वेगळे रकाने आहेत. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक फेरारी धंद्याच्या रकान्यात कोंतादिनो, म्हणजे शेतकरी कूळ. खरा लोहार असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

एका गावात एकाच आडनावाची घरं फार झाली की आडनावाचं कामच संपतं. व्हेनिसजवळच्या किओज्जात बोस्कोलो आणि तिओझ्झो इतके आहेत की घराण्याची टोपणनावं सरकारी कागदांवर अधिकृतपणे लिहिली जातात. आपल्या ज्या गावात अर्धं गाव पाटील, तिथे थोरल्या वाड्याचे, मळ्यातले असं म्हणून काम चालतं, फक्त ते उताऱ्यावर चढत नाही. म्हणून घराणं शोधताना हे बोली नाव आजोबा-आजी असेपर्यंत विचारून लिहून ठेवावं.

इटलीत चर्चच्या वह्यांसोबत आणखी एक चीज मिळते: ‘स्तातो देल्ले आनिमे’, अर्थ जिवांची यादी. पाद्री दरवर्षी, बहुधा ईस्टरच्या सुमाराला, घरोघर जाऊन कोण राहतं, वय किती, नातं काय ते लिहून घ्यायचा. चाकर, विधवा बहीण, लेकरं, सगळे एका पानावर. वयं मात्र अंदाजाने सांगितलेली, चाळीस-पन्नासच्या आसपास गोळा झालेली. आपल्या भागात याच्या जवळ जाणारी व्यवस्था हेळव्यांची. सुगीनंतर बैल घेऊन येणारे हेळवी घराच्या पिढ्या म्हणून दाखवतात, जवळ वह्या बाळगतात, नवीन जन्मलेल्या मुलांची भर घालतात आणि धान्य नाहीतर पैसे घेऊन जातात. घराणं मूळ कोणत्या गावचं, हे कागदावर कुठेच नसताना हेळव्याकडे मिळू शकतं. त्याची मर्यादाही ओळखून असावं: वंश पुरुषांचा सांगतात, सुना आणि लेकी बहुतेक गळतात, आणि वर जाल तशी सालं विरळ होत जातात. हेळव्याकडून गाव घ्यावं, साल मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरावरून आणि जमिनीच्या जुन्या कागदांवरून. त्या कागदांत मोडी निघाली तर वाचणारा आधी गाठा, फोटो नंतर काढा. कोणती पानं कामाची, तेच मोडी न येणाऱ्याला कळत नाही.

फेरारी आडनावाचं ‘कुलचिन्ह’ छापून विकणारे दुकानदार इंटरनेटवर डझनाने आहेत. पैसे घालवू नका. कुलचिन्ह एखाद्या घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं, आणि इटलीच्या राज्यघटनेने सरदारी किताबांना मान्यता ठेवलेलीच नाही. फेरारी मोटारीवरचा उधळणारा घोडा तर फेरारी घराण्याचा नव्हेच. तो पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या विमानावर होता. बाराक्का गेल्यावर १९२३ मध्ये त्याच्या आईवडिलांची पुढे ही मोटार काढणाऱ्या एन्झो फेरारीशी ओळख झाली आणि आईने ते चिन्ह लावायला सुचवलं. मागचा पिवळा रंग मोदेना शहराचा. एन्झोच्या जन्मनोंदीत जन्मतारीख २० फेब्रुवारी १८९८ आहे, तो स्वतः मात्र जन्म १८ चा आणि बर्फामुळे नोंदीला उशीर झाला असं सांगायचा. त्याच्या वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता, म्हणजे या एका घरात तरी आडनाव आणि धंदा जुळले. तो योगायोग, वारसा नव्हे.

अमेरिकेत गेलेल्या फेरारींची नावं न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर कारकुनांनी बदलली, ही कथा सगळीकडे ऐकायला मिळते. तिथले कारकून जहाजावरून आलेली यादी समोर ठेवून पडताळणी करायचे, नवीन नाव लिहायचे नाहीत. बदल झाले ते नंतर, शाळेत, कारखान्यात, किंवा माणसाने स्वतःच केलेले. तेव्हा यादीत फेरारी सापडला नाही तर स्मिथ शोधत बसण्याऐवजी जहाज चढण्याच्या बंदरावरचं मूळ लेखन शोधा.

बाईची बाजू इटलीत शोधायला आपल्यापेक्षा सोपी जाते. तिथल्या नोंदींत लग्नानंतरही बाई माहेरच्या आडनावानेच येते, मरणाच्या नोंदीतसुद्धा. आपल्याकडे आडनाव जातं आणि पुष्कळ घरांत लग्नात पहिलं नावही बदलतं, त्यामुळे पणजीचं माहेर एका पिढीत हरवतं. मुलांना मात्र इटलीतही आपोआप बापाचंच आडनाव लागायचं. २०२२ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. आता आईबापांनी ठरवलेल्या क्रमाने दोघांचीही आडनावं लागतात, एकच ठेवायचं असेल तर दोघांचं एकमत हवं. पुढच्या यादीत फेरारी मोजताना पहिलं आडनाव फेरारी असलेले, दुसरं असलेले आणि नुसते फेरारी असे तीन वेगळे आकडे काढावे लागतील. २०२२ आधीच्या आकड्यांशी त्यांची सरळ तुलना करता येणार नाही.